जिवंत देऊळ

फोन आला तेव्हा कुलमणी नदीवर अंघोळीला गेला होता. तो घरात असता तरी फोन सैरिंध्रीनेच उचलला असता म्हणा. सकाळची पूजा आटोपेपर्यंत कुलमणी माळी त्या वस्तूला शिवत नसे. जगभरची उष्टी तोंडं त्यातून बोलतात, असं त्याचं म्हणणं.

पलीकडून भागीरथी बोलत होता. शेजारच्या गावचा पोरगा. तिच्या लेकाबरोबर, टुकुनाबरोबर सुरतेला एका खोलीत राहायचा, त्याच कारखान्यात माग चालवायचा.

"माउसी, मउसा आहेत का जवळ?"

"नदीवर गेलेत. का रे, एवढ्या सकाळी? टुकुनाकडे दे बघू."

भागीरथी नुसताच खाकरला. त्याच्या मागून कुणीतरी म्हणालं, "सांगून टाक रे, किती वेळ लावतोस?" मग त्याने सांगून टाकलं. रात्रपाळीत मागात वीज उतरली होती. टुकुना त्या रांगेत एकटाच होता. दवाखान्यात नेलं, पण नेऊन उपयोग नव्हता.

सैरिंध्री उंबऱ्यावर बसली. रडू आलं नाही. तिने आधी विचारलं, "तोंडाला काही झालंय का रे?"

"नाही माउसी. हात भाजलेत फक्त."

फक्त म्हणाला मेला. पण तोही रडत होता, त्याला काय बोलायचं? रडत रडतच तो पुढचं सांगत राहिला. पोलिसांचं लिहून झालं होतं. दुपारनंतर मढं ताब्यात देणार होते, आणि या उन्हाळ्यात ते ठेवायचं कुठे? गावाहून निघालं तर गाडीला दोन रात्री लागतात. मउसा येणार असतील तर हातापाया पडून बर्फावर ठेवून घेऊ, नाहीतर संध्याकाळपर्यंत उरकावं लागेल. "अग्नी कोण देणार, ते मउसांना विचारून सांगा."

नदीच्या बाजूने ओल्या धोतराचा सपसप आवाज यायला अजून थोडा अवकाश होता. समोर, बांधापलीकडे, थोरल्या देवळाचं शिखर उजाडून आलं होतं. सैरिंध्रीने शिखराकडे पाहिलं आणि तिचं तिलाच कळलं की आपण काय बोलणार आहोत.

"तू दे अग्नी," ती म्हणाली.

"मी?"

"तूच. आणि गावात कुणाला कळवू नकोस. तुझ्या घरीसुद्धा नाही. आज नाही."

"माउसी, अहो काय बोलताय? मउसांना तरी..."

"त्यांना तर नाहीच. तुला तुझ्या आईची शपथ आहे, भागीरथी."

तिने फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला.

आई आहे की कोण, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने म्हणावं. पण शिउळीपदर गावात दोन देवळं आहेत, थोरलं आणि धाकटं, आणि धाकट्या देवळाचं काय झालं हे ज्याने पाहिलंय तो असं पटकन म्हणणार नाही.

दोन्ही देवळं एकाच राजाने बांधली म्हणतात, हजार वर्षांपूर्वी. दोन्हींत महादेव, दोन्हींची सेवा माळ्यांकडे. या भागात महादेवाला माळीच लागतो, बामण चालत नाही. धाकट्याची सेवा लोकनाथकाकांकडे होती, कुलमणीच्या सख्ख्या चुलत्यांकडे. पुष्कळ वर्षांपूर्वी जुन्या वास्तूंच्या खात्याचे एक साहेब आले, त्या खेपेला फक्त धाकटं बघायला. त्याच आठवड्यात काकांची आई गेलेली. घरात सुतक, म्हणून देवळाचं दार लावलेलं, पायऱ्यांवर पाचोळा, आत दिवा नाही. काका झाडाखाली डोकं भादरून बसलेले. साहेबांनी विचारलं, इथे पूजा होते का? काकांनी मान हलवली, नाही. ते त्या दिवसापुरतं सांगत होते. साहेबांनी ते कायमचं लिहून घेतलं.

सरकारच्या हिशेबात देवळं दोन प्रकारची असतात, जिवंत आणि मेलेली. ज्यात पूजा चालू असते ते जिवंत, ते सरकार सांभाळतं आणि पूजाही चालू देतं. ज्यात पूजा नव्हती ते मेलेलं, त्यात पुन्हा कुणी पूजा सुरू करायची नाही. साहेबांचं काही चुकलं असं नाही, त्यांनी जे पाहिलं ते मांडलं. सुतक फिटल्यावर काका पाण्याचा घडा घेऊन गेले तर दाराला लोखंडी जाळी. आज तिथे हिरवळ आहे, निळी पाटी आहे, रविवारी मोटारी येतात. लोक चपला घालून आत जातात आणि नवग्रहांच्या पट्टीखाली उभे राहून फोटो काढतात. तेवढ्या वर्षांत त्या महादेवाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब पडलेला नाही. लोकनाथकाका मरेपर्यंत रोज सकाळी जाळीबाहेर घडा ठेवून बसायचे. "मी मान हलवली," एवढंच बोलायचे. शेवटी शेवटी तर जेवायला वाढू का विचारलं तरी मान हलवायला घाबरायचे.

आणि आज थोरल्या देवळाची पाळी होती. साहेबलोक दुपारी येणार, पाहणी करणार, आणि काय ते ठरवणार. दार उघडं असायला हवं, दिवा तेवत असायला हवा, पुजारी शुद्ध असायला हवा. गावात माळ्यांचं हे एकच घर उरलं होतं. बाकीची भावकी सुरतेला पांगलेली, आणि भावकीला तेच सुतक.

सुतक लागतं ते माणूस मेल्याने नाही, ते कानावर आल्याने. सैरिंध्रीचा सासरा म्हणायचा, सुतक कानातून आत शिरतं. परगावी कुणी मेलं आणि कळलंच नाही, तर तोवर माणूस शुद्ध. तिच्या कानात ते शिरलं होतं. कुलमणीच्या कानात शिरू द्यायचं नव्हतं, बस. एक दिवस. संध्याकाळच्या आत तिला तोंड उघडायचं नव्हतं.

"टुकुनाची आई, फुलं झाली का?"

कुलमणी अंगणात उभा होता, केस निथळत होते. नवरा-बायकोने एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, लेकाच्या नावाने हाक मारायची, ही तिथली रीत. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तो तिला हीच हाक मारत आला होता. आज ती हाक ऐकून तिने मान वळवली आणि परडीकडे पाहिलं.

परडीत रुईची आणि टगरीची फुलं होती, तिनेच अंधार असताना खुडलेली. शेजारी केळीचं सोपट भिजत घातलेलं. रोज ती या वेळेला माळ ओवून तयार ठेवायची. आज फुलांना हात लावायचा नव्हता, सुतकाच्या हाताने देवाची फुलं बाटली असती. अडचण सांगावी तर तिची ती अडचण बंद होऊन वर्षं झाली होती, आणि हे त्याला ठाऊक होतं. ती स्वयंपाकघरात गेली. विळी भिंतीला टेकवलेली होती. तिने विळी आडवी केली, पात्यावर तळवा ठेवला आणि भोपळा दाबावा तसा दाबला.

तो धावत आला तेव्हा रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं.

"अगं, काय केलंस हे? आजच्या दिवशी काय चिरायला बसलीस?"

"निसटली विळी."

"बघू. बाप रे, खोल गेलंय." त्याने हळद आणून चेपली, जुन्या लुंगीची चिंधी फाडून बांधली. आणि मग तिला रडू फुटलं. इतका वेळ जे छातीत दगडासारखं बसलं होतं ते त्या हळदीच्या झोंबण्याने सुटलं. ती हुंदके देऊन रडायला लागली, तसा कुलमणी गोंधळला आणि मग हसला.

"एवढ्याशा कापण्याला रडतेस? टुकुना झाला तेव्हा इतकी रडली नव्हतीस. सुईण म्हणाली होती, हिचं तोंड शिवलंय की काय."

"तुम्ही जा बघू पूजेला."

"जातो गं. फुलं मीच ओवतो. रक्ताच्या हाताने नको." रक्ताला शिवला म्हणून त्याने अंगावर पुन्हा दोन घडे ओतून घेतले, मग तो परडी घेऊन ओट्यावर बसला. जाड बोटांनी सोपटात फुलं अडकवता अडकवता बोलत राहिला. "टुकुना असता तर चुटकीसरशी ओवली असती. तुझा हात आहे त्याला. माझी माळ बघ, माकडाने केल्यासारखी. महादेवा, आजच्या दिवस चालवून घे रे बाबा, घरची मालकीण जायबंदी आहे."

तिने पदराचा बोळा तोंडात धरला. देव चालवून घेतो म्हणतात. तो फार चालवून घेतो, तिला वाटलं, आणि आपल्याकडून फार वसूल करतो. असला विचार तिला आयुष्यात आला नव्हता. तिने चटकन कान पकडले, तर पकडणारा हातही सुतकाचा.

*

असतील शिते तर जमतील भुते. साहेब येणार म्हटल्यावर ज्यांनी वर्षभर देवळाची पायरी पाहिली नव्हती तेही कपाळाला भस्म फासून हजर झाले. सरपंचाने आणलेल्या पांढऱ्या टोप्या वाटल्या, मग कुणीतरी म्हणालं की निवडणुकीसारखं दिसतंय, तेव्हा काढायला लावल्या. गवळ्यांची कुंतळा नारळ घेऊन आली आणि सैरिंध्रीला देवळाच्या कोटाबाहेर चिंचेखाली बसलेली पाहून थांबली.

"तू इकडे का गं? आत चल की. तुझाच तर आज मान."

"हात कापलाय. रक्त येतंय अजून. आत कशी येऊ?"

"नेमकं आज! दृष्ट लागली बघ कुणाची तरी. आणि डोळे किती सुजलेत. नवऱ्याने मारलं की काय?" कुंतळा स्वतःच्याच विनोदावर हसली. "बरं, टुकुनाला कळवलंस का? सुरतेत बसून तोही देव पाण्यात घालून असेल."

"कळवलंय," सैरिंध्री म्हणाली.

उन्हं माथ्यावर आल्यावर जीप आली. मुख्य साहेब म्हणजे एक बाई निघाल्या, भुवनेश्वरच्या रथ मॅडम. केस पिकलेले, पायात कॅनव्हासचे बूट. ते त्यांनी कोटाच्या दाराशी सांगायच्या आत काढले, तेव्हा गावाला हायसं वाटलं. त्यांच्याबरोबर फोटो काढणारा एकजण आणि मोजमाप घेणारा एकजण. मॅडम देवळाभोवती हळूहळू फिरल्या. गावाने हौसेने फासलेला चुना त्यांनी नखाने खरवडून पाहिला आणि सुस्कारा सोडला. चुन्याखालून कुणा नर्तकीचं नाक वर आलं. दारावरच्या नवग्रहांवर तेलाचे थर बसले होते, त्यांतला केतू तर ओळखूही येत नव्हता.

"हे सगळं काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "दगड गुदमरलाय."

"काढा की," सरपंच म्हणाला. "फक्त देव राहू द्या."

गाभारा चार पायऱ्या खाली. तिथे कुलमणीने वैशाखाची गळती टांगली होती, मातीच्या घड्यातून लिंगावर थेंब थेंब पाणी पडत होतं. समया लावलेल्या. वाकडीतिकडी माळ देवाच्या अंगावर. चिंचेखालून सैरिंध्रीला आतलं काही दिसत नव्हतं, पण घंटा ऐकू येत होती, आणि मंत्र म्हणताना कुलमणीचा आवाज नेहमीसारखा एका जागी घसरला तेही. आवाजात कसलाही तडा नव्हता. शुद्ध होता तो. तिच्या माणसाची पूजा शुद्ध होती, आणि तिला त्याचं समाधान वाटलं. खोटं कशाला बोला, त्या घटकेला तिला खरोखर समाधान वाटलं. आणि लगेच, समाधान वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. दोन मुलुख पलीकडे तिचा पोरगा लोखंडी फळीवर पडला होता, आणि त्याच्या अंगावर फूल घालायला घरचं कुणी नव्हतं.

पूजा झाल्यावर मॅडम मंडपात बसल्या आणि कुलमणीला समोर बसवून विचारायला लागल्या. गाव भोवती उभं.

"रोज पूजा होते?"

"रोज. तीन वेळा."

"कधीच खंड नाही?"

सरपंच कुलमणीकडे डोळे वटारून बघत होता, की म्हण बाबा नाही, एका शब्दात म्हण. पण कुलमणी माळ्याला खोटं बोलणं जमत नसे. बाजारात वांगी विकायला बसला तर कुठलं किडकं आहे ते आधी सांगायचा.

"सुतकात बंद असते, मॅडम. दहा दिवस. नाहीतर नाही. चक्रीवादळात गावाची छपरं उडाली त्या रात्रीही मी आत होतो, गळ्यापर्यंत पाण्यात."

"सुतकात दुसरं कुणी करत नाही?"

"दुसरं आहे कोण?"

मॅडमनी मान डोलावली. "आजच्या दिवसापुरता दिवा सगळीकडेच लावतात हो, म्हणून विचारावं लागतं. मी पाहिलं ते चांगलं आहे, तसंच मी कळवीन. पण या महिन्यात आमची माणसं न सांगता एक-दोनदा येऊन जातील. त्यांना दार उघडं दिसलं पाहिजे. नाहीतर माझ्या म्हणण्याला काही अर्थ राहणार नाही." मग त्या जरा हसल्या. "तेव्हा महिनाभर सुतकबितक काढू नका घरात."

सगळे खदखदून हसले. कुलमणीही हसला. "नाही काढत," तो म्हणाला.

कोटाच्या भिंतीपलीकडे सैरिंध्रीने ते सगळं ऐकलं. एक दिवस, तिने धरलं होतं. एक दिवस तिने छाती दाबून काढला होता, आणि आता ही भली बाई महिना मागत होती.

"आणि तुमच्यानंतर?" मॅडमनी विचारलं. "पुढे करणारं कुणी आहे? हेही बघावं लागतं."

"आहे ना!" कुलमणी ताठ बसला. "मुलगा आहे. दीनबंधू. टुकुना म्हणतो आम्ही. सुरतेला मागावर आहे, पण मंत्र सगळे पाठ. शिवरात्रीला येतो तेव्हा चारही प्रहर तोच करतो. माझ्यापेक्षा गळा गोड. हवं तर त्याच्या आईला विचारा, ती बघा बाहेर बसलीय, हात कापलाय म्हणून."

मॅडम उठल्या आणि कोटाच्या दारापर्यंत आल्या. बाईमाणसाशी बाईमाणसाने बोलावं तशा वाकून म्हणाल्या, "फार लागलंय का हो?"

"नाही."

"मुलगा येईल ना परत? हल्लीची मुलं शहरात गेली की येत नाहीत. माझा स्वतःचा नाही आला. म्हणून विचारते."

गाव सैरिंध्रीकडे बघत होतं. कुलमणी मॅडमच्या मागे उभा राहून मान डोलावत होता, सांग, सांग. लोकनाथकाका मान हलवून बसले, ते आठवून की काय, तिने मान हलवली नाही. तोंडाने बोलली.

"येईल," ती म्हणाली. "टुकुना येईल."

मोजमापवाल्याने दीनबंधू माळीचं नाव लिहून घेतलं.

*

उन्हं कलता कलता जीप गेली आणि लोकांनी कुलमणीला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. सरपंचाने जाहीर केलं की संध्याकाळच्या आरतीला सगळ्या गावाने यायचं, नारळ फोडायचे. कुलमणी घरी आला तो उड्या मारतच. भूक लागली होती. कालचा भात रात्री पाण्यात घातलेला होता, तो त्याने स्वतःच वाढून घेतला, तिला उठू दिलं नाही. भात कालचा, सुतकाआधी रांधलेला, म्हणून तिच्या हातचा असूनही चालत होता. कांदा, मिरची, चुरलेले सांडगे, आणि त्या पखाळाचं, पाणभाताचं, आंबूस पाणी वरपत तो बोलत राहिला.

"नाव लिहून घेतलं त्यांनी टुकुनाचं. सरकारदरबारी नाव लागलं पोराचं. ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"काकांना बघायला हवं होतं हे."

तिने ठरवलं, जेवण होऊ दे. माणसाला जेवताना सांगू नये. मग ठरवलं, हात धुऊ दे. हात धुऊन झाल्यावर त्याने पान लावून खाल्लं. ती तोंड उघडायची आणि मॅडमचा महिना आठवून मिटायची. सांगावं तर दार लागणार, कुलमणी माळी ते लावल्याशिवाय राहणार नाही, डोकं भादरून झाडाखाली बसणार. आणि मग एखाद्या सकाळी जीप येऊन उभी राहणार. न सांगावं तर किती दिवस? भागीरथीचं तोंड ती किती दिवस बांधणार होती? बापाने पिंड नाही दिला तर पोर कुठे कुठे फिरत राहील? तिच्या डोक्याचा भुगा झाला. अशा वेळी बायका कुणाला तरी विचारतात. तिला विचारायला गावात एकही माणूस नव्हतं, कारण विचारणं म्हणजेच सांगणं.

"फोन कुठे ठेवलाय?" कुलमणीने विचारलं.

"कशाला?"

"टुकुनाला सांगू या. एवढी मोठी बातमी."

"पाळीवर असेल तो."

"असू दे. कारखाना काही पळून जात नाही." त्याने फडताळावर हात फिरवला, मग डबे सरकवले. तांदळाच्या डब्यामागे सापडला. "इथे काय लपवून ठेवलास? उंदीर बोलतात की काय कुणाशी?"

तिला उठून तो हिसकावून घेता आला असता. तिने घेतला नाही. दिवसभर तिने एकटीने उचललं होतं आणि आता तिची ताकद संपली होती. कुणाच्या का तोंडून होईना, त्याच्या कानावर जाऊ दे, तिला वाटलं. माझ्या तोंडून नको.

कुलमणीने फोन डोळ्यांपासून लांब धरून हिरवं बटण दाबलं आणि कानाला लावला. टुकुनाचा फोन वाजला. कुणीतरी उचलला.

"टुकुना! अरे ऐक, देऊळ..."

भागीरथीचा आवाज त्या डबड्यातून ओट्यावर बसलेल्या सैरिंध्रीपर्यंत स्वच्छ आला. "मउसा, मी भागीरथी. आत्ताच घाटावरून आलो. माउसींनी एव्हाना कानावर घातलंच असेल. झालं सगळं नीट. अग्नी मी दिला. माउसींनी सकाळी सांगितलं होतं तसंच केलं. राख ठेवलीय, मउसा. मउसा? ऐकू येतंय ना?"

कुलमणी उभा होता तसाच उभा राहिला. फोन कानालाच. आधी त्याची नजर तिच्या हातावरच्या चिंधीवर गेली. तिथे ती बराच वेळ राहिली. मग तिच्या डोळ्यांवर आली. मग दारातून बाहेर, बांधापलीकडे. तिला वाटलं, आता हा खाली बसेल, ऊर बडवेल, माझ्या अंगावर धावून येईल. तिला तेच हवं होतं. मारलं असतं त्याने तर बरं झालं असतं.

"मउसा?" भागीरथी ओरडत होता. "ऐकू येतंय का?"

कुलमणीने फोन कानावरून काढला आणि लाल बटण दाबलं. दोनदा दाबलं. मग फोन तिच्या समोर ओट्यावर ठेवला.

"लागत नाही," तो म्हणाला. "काही ऐकू आलं नाही."

सैरिंध्री त्याच्याकडे बघत राहिली. किडकं वांगं आधी दाखवणारा माणूस.

"अहो..."

"ऐकू आलं नाही मला." आवाज चढला आणि फाटला. मग हळू म्हणाला, "तूही काही ऐकलेलं नाहीस. महिनाभर कुणीच काही ऐकलेलं नाही."

"त्याचे दिवस? त्याचं पिंडदान?"

खुंटीवरचं कोरडं धोतर त्याने खांद्यावर टाकलं आणि आरतीआधीच्या अंघोळीला नदीकडे निघाला. बांधावर त्याचा पाय दोनदा घसरला. सपाट बांध, आयुष्यभर तुडवलेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते, पण नदीत डोकं बुडवून आलेल्या माणसाचे डोळे लाल असतातच.

संध्याकाळी अख्खं गाव लोटलं. मुलं खांबांवर चढली होती. सैरिंध्री चिंचेखाली उभी राहिली, चिंधी बांधलेला हात छातीशी धरून. गाभाऱ्यात कुलमणीने घंटा वाजवायला सुरुवात केली. त्या गाभाऱ्यात सुतकाचा माणूस आजवर शिरला नव्हता. ज्याच्यासाठी पोराला परक्याच्या हातून जाळलं तेच आता बाटत होतं, आणि हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. देवाला धरून तिघांना. मंत्र म्हणताना कुलमणी नेहमीच्या जागी घसरला नाही. आज तो एकदाही चुकला नाही.

पंचारती वर उचलली गेली तशा बायकांनी जिभा हलवून हुळहुळी घातली. कुठलंही शुभकार्य झालं की त्या मुलखातल्या बायका घालतात ती, लांबवर जाणारी, घरात काही वाईट झालं असेल तर न घालायची. कुंतळाने वळून पाहिलं आणि हातानेच खुणावलं, तू पण घाल की गं, गप्प काय उभी?

सैरिंध्रीने तोंड उघडलं.

आवाज निघाला तो तिलाही ओळखू आला नाही. तो इतर बायकांच्या वर गेला, शिखरापर्यंत गेला, आणि खाली येईना. एकेक बाई दम संपून थांबली. सैरिंध्री थांबली नाही. श्वास घेऊन पुन्हा, पुन्हा श्वास घेऊन पुन्हा. गळ्याच्या शिरा ताठल्या, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि सगळं गाव मागे वळून कौतुकाने बघायला लागलं. गाभाऱ्यात घंटा क्षणभर थांबली, मग जोरात, आवाज बुडवायलाच जणू, वाजायला लागली.

"अगं बाई, पुरे," कुंतळा हसत हसत तिच्याजवळ आली आणि तिचे डोळे आपल्या पदराने पुसायला लागली. "किती आनंद करशील?"